लघुग्रहाच्या वाटेवर चुकलेल्या दिवसांचा हिशेब

नासाचे ‘सायकी’ हे यान जून २०२५ मध्ये पुन्हा मार्गाला लागले. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान लघुग्रहांचा जो पट्टा आहे, त्यात सायकी याच नावाचा एक लघुग्रह आहे. सर्वांत रुंद जागी तो सुमारे २८० किलोमीटरचा असून त्यात धातूचे प्रमाण बरेच असावे असा अंदाज आहे. हे यान तिकडे निघाले आहे. १ एप्रिल रोजी यानाच्या इंजिनांना झेनॉन वायू पोचवणाऱ्या नळीतला दाब अचानक उतरला. ठरवून दिल्याप्रमाणे यानाने स्वतःच इंजिने बंद केली. अभियंत्यांनी बरेच आठवडे तपास केला. संशय वायूचा प्रवाह सांभाळणाऱ्या एका झडपेवर आला. मग यानातल्या दुसऱ्या, राखीव नळीतून वायू सोडण्यात आला आणि इंजिने पुन्हा सुरू झाली.

बातमी छोटी होती आणि आपल्याकडे तिची फारशी चर्चा झाली नाही. मात्र तिच्यातला एक तपशील महत्त्वाचा होता. इंजिने निदान जूनच्या मध्यापर्यंत बंद राहिली तरी यानाच्या मार्गावर परिणाम होणार नाही, असे नासाने आधीच सांगितले होते. म्हणजे दोन-अडीच महिने इंजिन बंद राहण्याची सोय प्रवासाच्या आराखड्यातच होती. यान ऑक्टोबर २०२३ मध्ये उडण्यापूर्वीच कुणीतरी बसून हा हिशेब केला होता की, या प्रवासात काही दिवस वाया जाणारच आहेत. ते कधी जातील हे माहीत नाही, पण त्यांची तरतूद आजच हवी.

कागदाच्या वजनाएवढा रेटा

अवकाशयान म्हटले की आपल्यासमोर ज्वाळा ओकणारा अग्निबाण येतो. पृथ्वीवरून उठायला तो लागतोच. पुढच्या प्रवासासाठी मात्र सायकीसारखी याने वेगळीच इंजिने वापरतात. सौरपंखांपासून मिळणाऱ्या विजेने झेनॉनचे अणू विद्युतभारित करायचे आणि ते प्रचंड वेगाने मागे फेकायचे, म्हणजे यान पुढे सरकते. झेनॉन हा निष्क्रिय वायू आहे. काही देशांत तो भूल देण्यासाठीही वापरला गेला आहे, त्यामुळे डॉक्टरांना तो अगदीच अनोळखी नाही.

या इंजिनाचा रेटा किती? ‘डॉन’ या यानाच्या इंजिनाचा रेटा तळहातावर ठेवलेल्या कागदाच्या एका तावाएवढा होता. शून्यापासून ताशी ९६ किलोमीटर वेग गाठायला त्याला चार दिवस लागत. रस्त्यावरची मोटार हे काम काही सेकंदांत करते. पण मोटारीला पुढे घर्षण सोसावे लागते आणि पेट्रोल संपते. अवकाशात घर्षण नाही, त्यामुळे मिळालेला वेग टिकून राहतो आणि रोजचा वेग आदल्या दिवशीच्या वेगात मिळत जातो. शिवाय रासायनिक इंजिनातून बाहेर पडणारा वायू सेकंदाला साधारण तीन किलोमीटर वेगाने जातो, तर डॉनमधून झेनॉन सुमारे तीस किलोमीटर वेगाने बाहेर पडत होता. तेवढ्याच कामाला इंधन कितीतरी कमी लागते. डॉनने ४२५ किलो झेनॉन घेऊन २००७ मध्ये उड्डाण केले आणि एकूण ताशी ४१ हजार किलोमीटरच्या आसपास वेगबदल साधला. २०११ मध्ये ते वेस्टाभोवती फिरू लागले, २०१२ मध्ये तिथून निघाले आणि २०१५ मध्ये सेरेसभोवती स्थिरावले. पृथ्वीपलीकडच्या दोन वेगवेगळ्या खगोलांभोवती फिरलेले ते पहिले यान.

लहान खगोलांसाठी ही पद्धत विशेष उपयोगी आहे. मंगळाजवळ पोचलेल्या यानाला मंगळाचे गुरुत्वाकर्षण आधार देते. लघुग्रहाचे गुरुत्वाकर्षण फारच दुबळे असते. जपानचे ‘हायाबुसा’ यान ज्या इटोकावा लघुग्रहावर गेले तो जेमतेम अर्धा किलोमीटर लांब आहे. तिथे जोराने टाकलेले पाऊल माणसाला कायमचे अवकाशात भिरकावून देईल. अशा खगोलाजवळ थांबायचे तर त्याच्या वेगाशी आपला वेग हळूहळू, अगदी नेमका जुळवावा लागतो. म्हणून महिनोन्‌महिने चालणारा मंद रेटा तिथे कामाला येतो.

आपण नेमके कुठे आहोत?

अडचण इथूनच सुरू होते. नेहमीच्या यानाचे इंजिन काही मिनिटे चालते आणि मग ते यान फेकलेल्या दगडासारखे गणिताने ठरलेल्या वाटेने जात राहते. त्याचा पुढचा मार्ग सांगणे तुलनेने सोपे असते. मंद रेट्याच्या यानाचे इंजिन बहुतेक वेळ चालूच असते. त्याचा रेटा ठरल्यापेक्षा किंचित कमी-जास्त झाला किंवा दिशा जराशी हलली, तर ती चूक रोज साठत जाते.

डॉनचेच आकडे घेऊन साधे गणित करून पाहू. समजा, रेटा ठरल्यापेक्षा फक्त एक टक्का कमी पडला आणि महिनाभर कुणी लक्षच दिले नाही. महिन्याच्या शेवटी यान अपेक्षित जागेपासून सुमारे अडीच हजार किलोमीटर दूर असेल. सेरेसचा व्यास साधारण ९४० किलोमीटर आहे. म्हणजे एका टक्क्याच्या दुर्लक्षाने यान लक्ष्याच्या अडीच पटींहून अधिक अंतराने चुकते.

म्हणून यानाचे स्थान सतत मोजावे लागते. पृथ्वीवरून रेडिओ संदेश पाठवून तो परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळते. परत आलेल्या लहरींच्या वारंवारितेतल्या सूक्ष्म फरकावरून यान आपल्यापासून दूर जाण्याचा किंवा जवळ येण्याचा वेग कळतो. आडव्या दिशेतले स्थान मात्र यातून नीट कळत नाही. त्यासाठी एकमेकींपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन अँटेनांनी यानाचा संदेश एकाच वेळी ऐकायचा आणि दूरच्या क्वेसारांशी ताडून पाहायचा. लक्ष्य जवळ आले की यानाचा कॅमेरा ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर त्या लघुग्रहाची छायाचित्रे घेतो. कारण लघुग्रह स्वतः नेमका कुठे आहे, हेही आधी पुरेशा अचूकतेने माहीत नसते.

डॉन साधारण आठवड्यातून एकदा काही तास इंजिन थांबवून आपली मुख्य अँटेना पृथ्वीकडे वळवत असे. मोजमापे घेतली जात, हिशेब होई, रेट्याची दिशा आणि प्रमाण यांचा पुढचा आराखडा यानाला पाठवला जाई आणि इंजिन पुन्हा सुरू होई. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाची फेरतपासणी याहून फार वेगळी नसते. गोळी सुरू करतानाच तिचे प्रमाण कायमचे ठरत नाही. रुग्ण पुन्हा येतो, आपण मोजतो आणि प्रमाण बदलतो. सगळे उपचार या फेरीवर अवलंबून असतात, आणि फेरी चुकली तर चांगले औषधही दिशा चुकते.

या पद्धतीचा एक मोठा फायदाही आहे. रासायनिक इंजिनाच्या मोहिमेत सगळे भवितव्य एखाद्या क्षणावर टांगलेले असते. डिसेंबर २०१० मध्ये जपानच्या ‘अकात्सुकी’ यानाचे मुख्य इंजिन शुक्राजवळ ऐन वेळी बिघडले. ते यान शुक्राला ओलांडून पुढे गेले आणि दुसरी संधी मिळायला पाच वर्षे लागली. मंद रेट्याच्या प्रवासात असा एकच निर्णायक क्षण सहसा नसतो. आजची चूक उद्याच्या रेट्यात भरून काढता येते. अट एवढीच की उद्या इंजिन चालले पाहिजे.

चार दिवस आणि एक महिना

ही अट किती कडक आहे ते डॉनला ११ सप्टेंबर २०१४ रोजी कळले. सेरेसचा प्रवास अखेरच्या टप्प्यात असताना, बहुधा अवकाशातल्या एखाद्या उच्च ऊर्जेच्या कणामुळे, इंजिन बंद पडले आणि यान सुरक्षित स्थितीत गेले. अभियंत्यांनी झटपट काम करून १५ सप्टेंबरला इंजिन पुन्हा सुरू केले. चारच दिवस गेले होते. पण मार्ग नव्याने आखावा लागला आणि सेरेसभोवतीच्या ठरलेल्या कक्षेत पोचायला सुमारे एक महिना उशीर झाला.

चार दिवसांचा महिना कसा होतो? चार दिवसांत मिळायचा वेग मिळाला नाही, म्हणून यान ठरल्यापेक्षा वेगळ्या वाटेने सेरेसकडे जाऊ लागले. दरम्यान सेरेस आपल्या वाटेने पुढे सरकतच होता. इंजिनात इतका जोर नाही की दामटून हे अंतर भरून काढावे. त्यामुळे वळसा घेण्याखेरीज पर्याय नसतो. हाच खंड प्रवासाच्या सुरुवातीला पडला असता तर भरपाईला बराच वेळ मिळाला असता. किती दिवस बुडाले यापेक्षा ते कधी बुडाले, याला जास्त महत्त्व असते.

मार्ग आखणारे गणितज्ञ म्हणूनच संगणकावर पुनःपुन्हा एकच प्रश्न विचारतात. अमुक तारखेला इंजिन बंद पडले आणि आठवडाभर, दोन आठवडे, महिनाभर सुरू झालेच नाही, तर यान पोचेल का? वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यासाठी ते हे तपासतात. जिथे उत्तर ‘नाही’ येते तिथे मार्गच बदलतात, थोडा जास्त वेळ आणि थोडे जास्त झेनॉन ठेवतात. कागदावर तो मार्ग सर्वांत जलद किंवा काटकसरीचा नसतो. पण प्रत्यक्षात पोचणारा मार्ग तोच असतो. सायकीला २०२५ मध्ये जे दोन-अडीच महिने मिळाले ते या सवडीतून.

क्षयाच्या उपचारात आम्हाला हाच धडा दुसऱ्या वाटेने मिळालेला आहे. औषधांना दाद देणाऱ्या साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो, गोळ्या रोज घ्यायच्या असतात. काही आठवड्यांत ताप जातो, वजन वाढते, भूक लागते आणि नेमक्या त्याच वेळी गोळ्या सुटतात. कधी रुग्णाला कामासाठी गाव सोडावे लागते, कधी औषधच मिळत नाही. मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या औषधांचा तुटवडा झाला, तेव्हा केंद्राला राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगावे लागले. यान आणि रुग्ण यांच्यातले साम्य इथे संपते, कारण यानाच्या वाटेत औषधाला दाद न देणारे जंतू तयार होत नाहीत. रुग्णाला पडलेला खंड त्यामुळे अधिक महाग पडतो. असे असूनही यानाच्या आराखड्यात चुकणाऱ्या दिवसांची तरतूद असते आणि आपल्या अनेक आरोग्य कार्यक्रमांत सगळे काही वेळेवर होईल असेच गृहीत धरलेले असते.

हायाबुसाचा जुना धडा

सवड फक्त दिवसांची नसते, यंत्रातही ती ठेवावी लागते. जपानचे हायाबुसा मे २००३ मध्ये निघाले आणि सप्टेंबर २००५ मध्ये इटोकावाजवळ पोचले. दिशा सांभाळणाऱ्या तीन चाकांपैकी दोन बिघडली. नंतर रासायनिक इंधनाची गळती झाली आणि डिसेंबरमध्ये संपर्क तुटला, तो कित्येक आठवड्यांनी जुळला. २००७ मधला परतीचा बेत तीन वर्षांनी पुढे गेला. नोव्हेंबर २००९ मध्ये, पृथ्वी टप्प्यात आलेली असताना, चार आयन इंजिनांपैकी भिस्त ज्याच्यावर होती तेच थांबले.

तेव्हा जपानी अभियंत्यांनी एका बिघडलेल्या इंजिनाचा चांगला भाग दुसऱ्या बिघडलेल्या इंजिनाच्या चांगल्या भागाशी जोडून दोघांचे मिळून एक इंजिन चालवले. हे कोट्यवधी किलोमीटरवरून शक्य झाले, कारण त्या दोन भागांना जोडू शकेल असा छोटासा विद्युत-मार्ग उड्डाणापूर्वीच यानात बसवून ठेवलेला होता. कदाचित तो कधीच लागला नसता. १३ जून २०१० रोजी हायाबुसाची कुपी ऑस्ट्रेलियात उतरली आणि लघुग्रहाच्या पृष्ठभागावरचे कण माणसाच्या हाती पहिल्यांदा आले.

माणसांमध्ये पडणारा खंड

यानाच्या इंजिनात खंड पडला तर काय होते हे आपण पाहिले. पण सायकीच्या आयुष्यातला सर्वांत महाग खंड इंजिनात पडलेलाच नव्हता. हे यान २०२२ मध्ये उडून जानेवारी २०२६ मध्ये पोचायचे होते. दिशा आणि मार्ग सांभाळणाऱ्या संगणक प्रणालीची चाचणी वेळेत पूर्ण झाली नाही आणि उड्डाण चुकले. ते झाले १३ ऑक्टोबर २०२३ रोजी. सव्वा वर्षाच्या आसपास उशीर झाला, पण तोवर ग्रहांची जुळणी बदलली आणि पोचण्याची तारीख ऑगस्ट २०२९ वर गेली. सव्वा वर्षाचे साडेतीन वर्षे झाले.

नासाने नेमलेल्या स्वतंत्र समितीने २०२२ च्या अखेरीस याची कारणे सांगितली. ती प्रामुख्याने माणसांची होती. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत अनुभवी मनुष्यबळ अपुरे होते, कामे फार होती आणि अडचणी वरपर्यंत वेळेत पोचत नव्हत्या. परिणामी, शुक्राकडे जाणारी ‘व्हेरिटास’ ही दुसरी मोहीमही किमान तीन वर्षांनी पुढे ढकलावी लागली. इतके कळल्यावरही २०२४ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून फेब्रुवारीत सुमारे ५३० आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे ३२५ जणांना कमी करण्यात आले.

मे २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने पुढील वर्षाचा जो अर्थसंकल्प सुचवला, त्यात नासाच्या विज्ञान विभागाचा निधी जवळपास निम्म्याने कापण्याचा प्रस्ताव होता. प्रवासात असलेल्या, व्यवस्थित चालणाऱ्या मोहिमाही बंद करायच्या यादीत होत्या. बेन्नू लघुग्रहाची माती २०२३ मध्ये पृथ्वीवर पोचवून आता ॲपोफिसकडे निघालेले ‘ओसायरिस-ॲपेक्स’ हे त्यांपैकी एक. साडेतीनशे मीटरच्या आसपासचा हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीपासून अवघ्या ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. तो आपल्याला धडकणार नाही, हे नक्की झालेले आहे. पण एवढ्या मोठ्या लघुग्रहाला इतक्या जवळून पाहण्याची संधी वारंवार येत नाही. अंतिम निर्णय अमेरिकी काँग्रेसचा होता. निधी पुढे कधी परत मिळालाही, तरी विखुरलेली माणसे परत मिळत नाहीत. आकाशातला लघुग्रहही तोवर थांबून राहत नाही.

याचा आपल्याशी काय संबंध, असे वाटणाऱ्यांनी फेब्रुवारी २०२५ आठवावा. ‘२०२४ वायआर ४’ हा लघुग्रह डिसेंबर २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत गेली होती. संभाव्य पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून अरबी समुद्र आणि दक्षिण आशियापर्यंत पसरलेला असल्याने मुंबईचे नावही बातम्यांत आले. पुढच्या काही दिवसांत अधिक निरीक्षणे मिळाली आणि पृथ्वीचा धोका जवळजवळ शून्यावर आला. असा धोका कधी खरा ठरला तर काय करायचे? त्यावरच्या उपायांपैकी एक मंद रेट्याचाच आहे. एडवर्ड लू आणि स्टॅन्ली लव्ह यांनी २००५ मध्ये सुचवले की लघुग्रहाजवळ एक यान तरंगत ठेवावे आणि यानाच्या इवल्याशा गुरुत्वाकर्षणाने लघुग्रहाला वर्षानुवर्षे हळूहळू बाजूला ओढावे. हे अजून कुणी करून पाहिलेले नाही. पण तसे करण्याची वेळ आली तर त्या वर्षांमध्ये इंजिन आणि निधी, दोन्ही अखंड राहावे लागतील.

आपली तयारी

भारताने या वाटेवर पहिली पावले टाकली आहेत. २०१७ मध्ये जीसॅट-९ उपग्रहावर इस्रोने विद्युत इंजिने वापरली. मार्च २०२५ मध्ये ३०० मिलिन्यूटन रेट्याच्या स्वदेशी प्लाझ्मा इंजिनाची एक हजार तासांची चाचणी पूर्ण झाल्याचे इस्रोने जाहीर केले. हे इंजिन उपग्रहांसाठी आहे आणि त्याचा रेटा सायकीच्या इंजिनापेक्षाही थोडा जास्त आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण एक हजार तास म्हणजे साधारण ४२ दिवस. डॉनची इंजिने सर्व मिळून सहा वर्षांच्या जवळपास चालली. लघुग्रहापर्यंतचे अंतर या दोन आकड्यांमध्ये आहे.

ऐकण्याच्या बाबतीतही तसेच. बेंगळूरुजवळ ब्यालालू इथे आपली दूरच्या यानांसाठीची अँटेना आहे, पण पृथ्वी फिरते आणि यान क्षितिजाखाली गेले की दुसऱ्या खंडातल्या केंद्रांची मदत घ्यावी लागते. नारायणगावजवळच्या खोडद इथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या ‘शियापारेली’ यानाचा क्षीण संदेश टिपला होता. दुबळे संदेश ऐकण्याचे कौशल्य आपल्याकडे आहे. पाच-सहा वर्षे दर आठवड्याला न चुकता ऐकत राहण्याची व्यवस्था उभी करणे हे वेगळे काम आहे.

त्या कामाला उड्डाणाच्या दिवसासारख्या टाळ्या मिळत नाहीत. मोहिमेच्या खर्चात उड्डाणानंतरच्या प्रत्येक वर्षासाठी मार्ग मोजणाऱ्यांचे वेतन, चाचणीसाठी जमिनीवर ठेवलेले जुळे यंत्र आणि चुकणाऱ्या दिवसांची तरतूद, हे पहिल्याच दिवशी लिहिलेले असले पाहिजे. भारताची लघुग्रह-मोहीम जेव्हा मंजुरीसाठी येईल, तेव्हा प्रक्षेपकाची ताकद विचारण्याआधी हे तीन रकाने भरले आहेत का, ते तपासावे.